मायाबंदरला जाण्याचे तीन मार्ग

मी समुद्र आजवर दोनदाच पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा लांबून. तरीही गोंदियात कुणाला अंदमानला जायचं असलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं ऑफिस आहे. काचेचं दार, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवर नारळाच्या झाडांचं मोठं पोस्टर. ते पोस्टर कुठल्या बेटाचं आहे हे आमच्या शेठजींनाही ठाऊक नाही. दुकान घेतलं तेव्हा ते आधीपासून चिकटवलेलंच होतं म्हणे.

या टेबलामागे मला सात वर्षं झाली. विमान कंपन्यांचे इंग्रजी ईमेल वाचायला शेठजींना कुणीतरी हवं होतं आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अशी मुलगी फडाफडा बोलत असणार असं त्यांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात मी मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत गप्प बसत असे. गिऱ्हाईक समोर आलं की मी टेबलावरचे कागद सरळ करत बसायची. म्हणून मी एक युक्ती काढली. माणूस म्हणाला, अमुक ठिकाणी जायचं आहे, की मी म्हणायची, दहा मिनिटं बसा. मग एका कोऱ्या कागदावर गोंदियापासून तिथपर्यंतचे तीन मार्ग लिहून काढायची: सगळ्यात लवकरचा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आरामाचा. कुठे उतरायचं, कुठे थांबायचं, काय खिशात ठेवायचं, सगळं त्यात. कागद पुढे सरकवला की माझं बोलणं संपायचं.

शेठजी आधी हसले. "बेटा, ये ट्रॅव्हल का ऑफिस है, परीक्षा नहीं चल रही." पण पुढे लोक कागद मागायलाच येऊ लागले. सडक अर्जुनीहून, सालेकशाहून माणसं यायची आणि दारातूनच विचारायची, कागदवाल्या मॅडम आहेत का.

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे तिकीट काढणं. तिकीट आता कुणीही फोनवर काढतो. आमचं काम जोडाचं आहे. प्रवास मोडतो तो जोडावर. हावडा गाडी चार तास उशिरा पोचली तर विमान सुटतं, विमान सुटलं तर पुढची बोट सुटते, आणि ती बोट पुन्हा चार दिवसांनी असते. म्हणून दोन तिकिटांच्या मध्ये किती श्वास ठेवायचा हे ज्याला कळतं तो या धंद्यात टिकतो. बेटावर जाताना असे जोड जास्त येतात. तिथे भरती, वारा, जंगलाचं फाटक, असं आपल्या हातात नसलेलं बरंच काही मध्ये येतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तिरोड्याच्या एका काकांना अंदमानला थेट रेल्वेने जायचं होतं. मध्ये समुद्र आहे म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिले आणि म्हणाले, "एवढे लोक जातेत त आतापावतर पूल कायले नाई बांधला?" मी सरकारी नोकर असल्यासारखी खाली मान घातली. एका नव्या नवरीच्या आईने विमान नको म्हणून मुलगी-जावयाला चेन्नईहून जहाजाने पाठवायला लावलं. जहाजाची तारीख पुढे गेली आणि त्या दोघांनी लग्नानंतरचा पहिला आठवडा चेन्नई सेंट्रलजवळच्या लॉजमध्ये काढला. परत आल्यावर नवरी मला म्हणाली, समुद्र नाही दिसला, पण नवऱ्याचा स्वभाव पूर्ण दिसला. एक निवृत्त मुख्याध्यापक दर दोन-तीन महिन्यांनी येऊन नव्या गावाचा कागद लिहून घेतात. आजवर त्यांनी एकही तिकीट काढलेलं नाही. कागद घडी घालून खिशात ठेवतात, आभार मानतात आणि जातात. शेठजी कुरकुरतात. मी लिहून देते.

शेठजींनी मला कामाच्या दुसऱ्याच दिवशी एक नियम सांगितला होता. का जाता, हे विचारायचं नाही. कुणी घरातून पळून चाललेलं असतं, कुणी मोठ्या डॉक्टरकडे, कुणी कोर्टाच्या तारखेला. आपल्याला तिकिटाशी मतलब. माझ्यासारखीला हा नियम फार सोयीचा होता. पुढे पुढे मी त्याला सभ्यपणाच समजू लागले. नजर मात्र माझी सुटायची नाही. कुणाच्या पायात घाईने घातलेल्या दोन वेगळ्या चपला आहेत, कोण नवऱ्याचं नाव सांगताना अडखळतं, हे मला दिसायचं. दिसलं की मी कागदाकडे बघायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धान घरात आलेलं होतं, थंडी नुकती सुरू झाली होती. दरेकशाकडून सकाळच्या पॅसेंजरने एक मायलेक आले. शेवंताबाई मेश्राम साठीच्या पुढच्या, पांढरी स्वच्छ साडी, हातात कापडी पिशवी. मुलगा विनोद, ट्रॅक्टर चालवणारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्यांना मायाबंदरला जायचं होतं.

मी मान वर केली. अंदमानला जाणारे लोक पोर्ट ब्लेअरला जातात. त्या शहराचं नाव आता बदललं आहे, पण आमच्याकडे लोक अजून जुनंच सांगतात. तिथून ते एक-दोन प्रसिद्ध बेटांवर जातात, फोटो काढतात, परत येतात. मायाबंदर वर उत्तरेला आहे, पोर्ट ब्लेअरहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एक धक्का, एक बाजार, मासेमारीच्या होड्या आणि शांतता. तिथे फिरायला सहसा कुणी जात नाही.

विनोद म्हणाला, "मामा रायते तिकडं. मायनं समुद्र पाह्यला नाई. फिरनं बी होऊन जाईल, भेट बी होऊन जाईल."

मी दहा मिनिटं बसा म्हटलं आणि कागद लिहिला. पहिला भाग तिन्ही मार्गांना सारखाच ठेवला, कारण आमच्या बाजूने तोच बरा: शुक्रवारी गोंदियाहून रेल्वेने हावडा, शनिवारी कोलकात्यात मुक्काम, रविवारी सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर. फरक तिथून पुढे.

लवकरचा मार्ग बसचा. सोमवारी पहाटे निघायचं. वाटेत आदिवासींचं राखीव जंगल लागतं. तिथे गाड्या एकेकट्या सोडत नाहीत, ठरलेल्या वेळी फाटक उघडतं आणि सगळ्या गाड्या रांगेने पोलिसांच्या सोबत जातात. मग एक खाडी, तिथे बससकट तराफ्यावर चढायचं. पुन्हा रस्ता. सगळं जमून आलं तर सोमवारी दुपारी मायाबंदर. स्वस्त मार्गही बसचाच, पण सरकारी आणि वाटेतल्या रंगत गावाला उतरून दुसरी पकडायची, म्हणजे सोमवारी अंधार पडेपर्यंत. आरामाचा मार्ग बोटीचा. ती आठवड्यातून एक-दोनदाच उत्तरेला जाते. बुधवारी निघून गुरुवारी सकाळी मायाबंदरच्या धक्क्याला लागते. मधले दोन दिवस पोर्ट ब्लेअर बघायचं. हेलिकॉप्टरही असतं, पण त्यात मोजक्या जागा, आणि त्या आधी आजाऱ्यांना आणि सरकारी माणसांना मिळतात, म्हणून मी ते कागदावर घेत नाही.

शेवंताबाईंना वाचता येत होतं. त्यांनी कागद जवळ ओढला आणि हळूच विचारलं, "यातला लवकरचा कोन्ता?"

मी पेनाने पहिला मार्ग दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

विनोद म्हणाला, "माय, घाई कायची? फिराले चाललो न आपन."

त्यांनी बोट उचललं. "हो. फिराले चाललो," त्या म्हणाल्या. ते त्या मला सांगत होत्या, पण बघत होत्या पोस्टरकडे.

हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी विचारलं नाही. उलट मी उत्साहात आले, कारण बोटीत जागा मिळणं अवघड असतं. तिथल्या लोकांना आधी मिळते, बाहेरच्यांना उरली तर. पोर्ट ब्लेअरच्या एका एजंटाला तीनदा फोन करून मी दोन जागा मिळवल्या. फोनवर बोलण्याची मला किती धास्ती आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं कौतुक कळेल. मी विनोदला म्हटलंसुद्धा, बोटीने गेलात तर आईंना समुद्र मनासारखा बघता येईल. सात वर्षांत मी गिऱ्हाइकाला आपणहून दिलेले सल्ले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यातला हा एक.

रविवारी दुपारी विनोदने फोटो पाठवला. शेवंताबाई समुद्रासमोर उभ्या होत्या. दोन्ही चपला हातात, पाय वाळूत. समुद्राकडे मात्र पाठ होती आणि नजर फोटो काढणाऱ्याच्याही पलीकडे कुठेतरी होती. मी शेठजींना फोटो दाखवला. ते म्हणाले, "बढ़िया."

मंगळवारी चारच्या सुमारास विनोदचा फोन आला.

"मॅडम, आज काई जाते का तिकडं?"

मी म्हटलं, तुमची बोट उद्या आहे.

"बोट रद्द झाली म्हनते. हवा खराब हाये. आज काई जाते का? कोन्तंबी?"

त्याचा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता असा होता. मी घड्याळ पाहिलं. जंगलाच्या फाटकातून दिवसाचा शेवटचा ताफा तीनच्या सुमाराला निघून जातो. त्यानंतर बस नाही, टॅक्सी नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. मी त्याला तसं सांगितलं आणि मग, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा, विचारलं, काय झालं?

मग त्याने सांगितलं. मामाला पोटाचा कर्करोग होता. पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच घरी न्यायला सांगितलं होतं. मामीने विनोदला फोन करून कळवलं होतं. त्याने मायला सांगितलं नव्हतं, जरा बरं नाही एवढंच म्हणाला होता. आणि माय न सांगताच समजली होती, हे त्याला आता, हॉटेलच्या खोलीत, पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. मामीचा पुन्हा फोन आला होता. मामाने सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं.

मी त्या दोन तासांत जेवढे फोन केले तेवढे एरवी वर्षात करत नाही. हेलिकॉप्टरच्या ऑफिसला केला. हवा अशीच राहिली तर उद्याही उडणार नाही, आणि उडालं तर दोन रुग्ण आधीपासून यादीत आहेत. खासगी बोटवाल्याला केला, तो नुसता हसला. शेवटी पहाटेच्या बसमध्ये दोन जागा मिळाल्या. ही तीच बस होती जिच्यावर शेवंताबाईंनी बोट ठेवलं होतं, फक्त दोन दिवस उशिराची.

बुधवारी मी ऑफिसात बसून तो रस्ता मनाने चालत होते. आता फाटकाशी असतील. आता जंगल. आता खाडी. अकरा वाजता विनोदचा मेसेज आला, तराफ्याला मोठी रांग आहे. साडेबाराला आला, आता चढलो. त्यानंतर तिथे फोन लागत नाही. शेठजींनी मला दोनदा जेवायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा स्वतः डबा उघडून समोर ठेवला.

सहा वाजता मेसेज आला. "पोचलो. उशीर झाला."

मामा बुधवारी सकाळी गेले होते. दमट हवा, गावात बर्फाची सोय नाही. तिथल्या माणसांनी दोन वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग माती दिली. मायलेक साडेचारला पोचले.

मी शेठजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तूने वही दिया जो उन्होंने माँगा," ते म्हणाले. खरं होतं ते. मला त्याने काही बरं वाटलं नाही.

महिन्याभराने शेवंताबाई ऑफिसात आल्या. विनोद बँकेत गेला होता आणि पॅसेंजरला वेळ होता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मला बोलायचं होतं. सवयीने मी कोरा कागद पुढे ओढला. कागदावर लिहून देण्यासारखं हे नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हणाले की माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं.

"तुझं कायचं चुकलं पोरी?" त्या म्हणाल्या. "आमी सांगतलं तसं तू लिहून देल्लं."

मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते मला कुठल्याही शाळेत कळलं नसतं. त्यांच्याकडे फार आजारी माणसाला भेटायला कुणी 'भेटायला' म्हणून जात नाही. बाजाराला आलो होतो, लग्नाला आलो होतो, सहज इकडे आलो म्हणून डोकावलो, असं म्हणत जायचं. धावत गेलं, तर अंथरुणावरच्या माणसाला समजतं की आपलं झालं. इथे आजारी माणूस शेजारच्या गावातला असतो, निमित्त सहज मिळतं. सुखदेव, त्यांचा पाठचा भाऊ, ठेकेदारासोबत लाकडं तोडायला गेला तो तीस वर्षं समुद्रापलीकडे. इतक्या लांब सहज कसं डोकावणार? म्हणून फिरायचं निमित्त काढलं. आणि फिरायला आलो म्हणायचं तर दोन दिवस फिरणं भाग होतं, कारण तो विचारणार, काय काय पाहिलं.

"मी घाई हाये म्हनली असती," त्या म्हणाल्या, "त जित्या मानसाले मेला समजल्यावानी झालं असतं. आन् पोरासमोर तोंडातून कसं काढू? थो मले समजू देत नोयता, मी त्याले समजू देत नोयती."

मी विचारलं, त्यांना काही अंदाज होता का, की तुम्ही खरं कशासाठी येताय.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. दुपारची वेळ होती, रस्त्यावर फळांचा गाडीवाला हिंदीत ओरडत होता. मला वाटलं, मी नको ते विचारलं. पण त्यांना सांगायचंच होतं, बहुधा त्यासाठीच त्या आल्या होत्या.

रविवारी विमानातून उतरल्यावर त्यांनी भावाला फोन केला होता. आम्ही फिरायला आलो आहोत, दोन दिवस इथलं सगळं बघतो आणि गुरुवारी बोटीने तुझ्याकडे येतो, असं सांगितलं. तो खूश झाला. आवाज बारीक होता, पण हसत होता. म्हणाला, "आरामात ये बाई. सगळं पाहून ये. बोटीनंच ये, बसमंधी हाडं मोडतात." बोटीबद्दल तो बरंच बोलला. लाकडाचं काम बंद झाल्यावर तो मायाबंदरच्या धक्क्यावर कामाला होता. वीस वर्षं त्याच बोटीचे दोर त्याने बांधले होते. ती कुठल्या वारी येते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. धक्क्यावर मुलीला पाठवतो म्हणाला.

पुढचं शेवंताबाईंना भावजयीने सांगितलं, माती दिल्यानंतर चार दिवसांनी. ती बंगाली आहे, हिंदीत बोलते, त्यामुळे थोडं समजलं, थोडं अंदाजाने घेतलं. सुखदेवने फोन खाली ठेवला तेव्हा तो अजून हसत होता. मग त्याने बायकोला विचारलं, आज वार कुठला.

"रविवार म्हनलं तिनं," शेवंताबाई म्हणाल्या. "त्यानं बोटावर गुरुवारपावतर दिवस मोजले. बस. मंग थो भिताडाकडं तोंड करून झोपला."